प्रवाळाच्या प्राणित्वाचा शोध

प्रवाळ, जेलीफिश, समुद्रपुष्प, हायड्रा व त्यांच्यासारखे इतर प्राणी यांचा समावेश आंतरगुही संघात, म्हणजेच आता अधिक रूढ असलेल्या नावानुसार निडेरिया संघात, करतात. या संघात सु. ११,००० जाती असून त्यांतील बहुतेक सर्व समुद्रात राहतात. या प्राण्यांचे शरीर पोकळ पिशवीसारखे असते. पिशवीला एकच तोंड असून अन्न आत घेणे व न पचलेला भाग बाहेर टाकणे ही दोन्ही कार्ये त्यातूनच होतात. तोंडाभोवती संस्पर्शकांचे (स्पर्शज्ञानास व भक्ष्य पकडण्यास उपयोगी अशा लांबट अवयवांचे) कडे असते व त्यांवर दंशकोशिका असतात. प्रत्येक दंशकोशिकेत एक गुंडाळलेला सूक्ष्म धागा असून भक्ष्याचा स्पर्श होताच तो एका सेकंदाच्या दशलक्षांशाहूनही कमी काळात बाहेर फेकला जातो. असे अवयव असलेला जीव वनस्पती असणे शक्य नाही, हे आज उघड वाटते. तथापि प्रवाळाचे प्राणित्व विद्वानांनी मान्य करण्यास अठराव्या शतकाचा मध्य उजाडावा लागला आणि ज्याने ते प्रथम स्पष्टपणे सांगितले, त्याचे नाव पंधरा वर्षे दडून राहिले. पुढील दोन शतकांत या निष्कर्षाला एक महत्त्वाची पुरवणीही जोडावी लागली.

प्राचीन कल्पना : प्रवाळाविषयीच्या जुन्या समजुती त्याच्या नावांतच दिसून येतात. संस्कृतमध्ये प्रवाल या शब्दाचे कोवळा अंकुर आणि पोवळे असे दोन्ही अर्थ आहेत. विद्रुम हे पोवळ्याचे दुसरे नाव असून त्यात द्रुम म्हणजे वृक्ष हा शब्द आहे. भारतात नवरत्नांमध्ये गणले गेलेले तांबडे पोवळे मुख्यतः भूमध्य समुद्रातून येत असे. इ. स. पहिल्या शतकातील पेरिप्लस  या ग्रीक ग्रंथात भरूच व मलबार किनाऱ्यावरील मुझिरिस या बंदरांत उतरणाऱ्या मालात पोवळ्याचा उल्लेख आहे. रोमन लोकांना भारतातील मोत्यांचे जितके मोल वाटते, तितकेच भारतीयांना पोवळ्याचे वाटते, अशी नोंद प्लिनी यांनी त्याच शतकात केली. त्यांच्या मते प्रवाळ हे समुद्रतळावरील मऊ झुडूप असून हवा लागताच ते कठीण व तांबडे होते. ग्रीक पुराणकथेत मेड्यूसा या राक्षसीच्या छिन्न मस्तकाचा स्पर्श झाल्याने समुद्रवनस्पतींचे पोवळे बनले, असे सांगितले आहे. जेलीफिशच्या छत्रीसारख्या रूपाला पुढे मेड्यूसा हेच नाव मिळाले, हा एक योगायोग होय.

ॲरिस्टॉटल यांनी समुद्रपुष्पांसारख्या जीवांचे बारकाईने निरीक्षण केले होते. स्पर्श करताच आग होते म्हणून ग्रीक भाषेत त्यांना खाजकुयलीसारख्या दाहक वनस्पतीचे नाव मिळाले होते व निडेरिया हे संघाचे नावही त्याच शब्दावरून आले आहे. निर्जीव वस्तूंपासून वनस्पतींकडे व वनस्पतींपासून प्राण्यांकडे निसर्ग हळूहळू सरकत जातो, त्यामुळे सीमेवरील काही जीव कोणत्या बाजूचे हे सांगता येत नाही, असे ॲरिस्टॉटल यांचे मत होते. या मतामुळे प्रवाळाचा प्रश्न सुटला नाही, परंतु तो अनेक शतके निकडीचाही वाटला नाही.

मार्सील्यी यांची ‘फुले’ : इटालियन निसर्गवैज्ञानिक लुईजी फेर्दिनांदो मार्सील्यी (१६५८–१७३०) हे पूर्वी सेनाधिकारी होते. १७०६ च्या हिवाळ्यात फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर त्यांनी नुकत्याच काढलेल्या तांबड्या प्रवाळाच्या फांद्या समुद्राच्या पाण्याने भरलेल्या भांड्यात ठेवल्या. काही वेळाने फांद्यांवरील बारीक छिद्रांतून प्रत्येकी आठ पाकळ्यांची पांढरी फुले उमललेली त्यांना दिसली. फांदी पाण्याबाहेर काढताच ती मिटत व पुन्हा बुडविताच उमलत. फांद्या, साल आणि आता फुलेही आढळल्यामुळे प्रवाळ वनस्पतीच आहे, हे निर्विवाद सिद्ध झाले असे मानण्यात आले. पॅरिस येथील विज्ञान अकादमीनेही या शोधाचे स्वागत केले. मार्सील्यी यांचा समुद्राविषयीचा ग्रंथ १७२५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांच्या निरीक्षणात चूक नव्हती. तांबड्या प्रवाळाच्या पॉलिपाला (तळाशी चिकटलेल्या नळीसारख्या प्राण्याला) खरोखरच आठ संस्पर्शक असतात. चूक होती ती दिसलेल्या गोष्टीला दिलेल्या नावात.

पेसॉनेल यांचा निष्कर्ष : झां-आंद्रे पेसॉनेल (१६९४–१७५९) हे मार्से येथील वैद्य. मार्सील्यी यांनी सांगितलेली फुले त्यांनी १७२३ मध्ये मार्सेच्या किनाऱ्यावर पाहिली व १७२५ मध्ये उत्तर आफ्रिकेच्या किनाऱ्यावर पोवळी काढणाऱ्या नावांबरोबर राहून त्यांचे पुन्हा निरीक्षण केले. हात लावला की फूल आक्रसते, ते वर्षाच्या ठराविक ऋतूतच नव्हे तर केव्हाही उमलते आणि मेल्यावर त्याला कुजलेल्या माशांसारखी दुर्गंधी येते, या गोष्टी त्यांच्या ध्यानात आल्या. तथाकथित फूल म्हणजे समुद्रपुष्पासारखा एक लहानसा प्राणी असून दगडासारखी फांदी ही त्यानेच निर्माण केलेली आहे, असा निष्कर्ष त्यांनी काढला. त्या काळाच्या भाषेत त्यांनी या प्राण्याला ‘कीटक’ म्हटले होते.

हा वृत्तांत पॅरिसच्या अकादमीकडे आला तेव्हा तेथे रने आंत्वान रेओम्यूर (१६८३–१७५७) यांचा शब्द प्रमाण मानला जात असे. कीटकांच्या अभ्यासात त्यांच्या तोडीचा दुसरा विद्वान यूरोपात नव्हता. एवढा क्षुद्र जीव झाडासारखी डौलदार, दगडी रचना उभी करील, हे त्यांना पटले नाही. १७२७ मध्ये त्यांनी अकादमीपुढे एक निबंध वाचून हे मत खोडून काढले व ते मांडणाऱ्याचे नाव सांगण्याचे टाळले. असे विचित्र मत जाहीर झाल्यास त्या तरुण वैद्याची अप्रतिष्ठा होईल, अशी त्यांची सद्भावना होती. या सद्भावनेचा परिणाम मात्र असा झाला की, पेसॉनेल यांना प्रतिवाद करण्याची संधीच मिळाली नाही. त्याच सुमारास राजवैद्य म्हणून वेस्ट इंडीजमधील ग्वादलूप बेटावर त्यांची नेमणूक झाली. तेथील प्रवाळांचा अभ्यास त्यांनी चालू ठेवला, परंतु पॅरिसमध्ये त्यांची आठवण कोणाला उरली नाही.

गोड्या पाण्यातील पुरावा : या वादाचा निकाल समुद्रात न लागता हॉलंडमधील एका डबक्यात लागला. जिनीव्हाचे आब्राम त्राँब्ले (१७१०–८४) हे हेग शहराजवळ एका सरदाराच्या मुलांचे शिक्षक होते. १७४० च्या उन्हाळ्यात त्यांना पाणवनस्पतींना चिकटलेले काही सूक्ष्म हिरवे जीव आढळले. रंगावरून ते वनस्पती वाटत, परंतु त्यांचे संस्पर्शक हालत व जीव भांड्यातील उजेडाच्या बाजूकडे सरकत. निर्णय करण्यासाठी त्यांनी त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये एक जीव आडवा कापून त्याचे दोन तुकडे केले. वनस्पती असेल तर दोन्ही तुकडे वाढतील व प्राणी असेल तर ते मरतील, अशी त्यांची अपेक्षा होती. थोड्याच दिवसांत दोन्ही तुकड्यांपासून दोन पूर्ण जीव तयार झाले. तथापि हेच जीव भक्ष्य पकडून गिळताना व पचविताना त्राँब्ले यांनी स्वतः पाहिले होते. वनस्पतीप्रमाणे तुकड्यांतून वाढणारा प्राणी असू शकतो, हे त्यामुळे मान्य करणे भाग पडले. हाच जीव पुढे हायड्रा या नावाने ओळखला जाऊ लागला. प्राण्यांतील पुनर्जननाच्या प्रायोगिक अभ्यासाचा आरंभ या प्रयोगापासून मानतात. त्राँब्ले यांना १७४३ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीचे कॉप्ली पदक मिळाले.

त्राँब्ले यांनी पाठविलेले नमुने रेओम्यूर यांनी १७४१ मध्ये पाहिले आणि तो प्रयोग स्वतः करून पडताळला. गोड्या पाण्यात असे प्राणी असतील तर समुद्रात का नसावेत, हा प्रश्न साहजिकच पुढे आला. बेर्नार द झ्यूस्य या वनस्पतिवैज्ञानिकांनी नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर जाऊन समुद्री वनस्पती समजल्या जाणाऱ्या अनेक जीवांची तपासणी केली व त्यांवर पॉलिप आहेत, अशी ग्वाही दिली. कीटकांच्या इतिहासावरील आपल्या ग्रंथाच्या सहाव्या खंडाच्या प्रस्तावनेत (१७४२) रेओम्यूर यांनी पेसॉनेल यांचे नाव घेऊन त्यांचे मत बरोबर होते असे लिहिले. पेसॉनेल यांनी आपले विस्तृत हस्तलिखित मात्र पॅरिसला न पाठविता लंडनला पाठविले. रॉयल सोसायटीपुढे १७५२ मध्ये त्याचा सारांश वाचण्यात आला.

सीमेवरील गोंधळ : यानंतरही मतभेद संपले नाहीत. लंडनचे व्यापारी जॉन एलिस हे समुद्रशैवले व प्रवाळसदृश जीव कागदावर मांडून शोभिवंत देखावे तयार करीत. ही कला करताना त्यांनी नमुने सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्यास सुरुवात केली आणि १७५५ मध्ये ब्रिटिश किनाऱ्यावरील अशा जीवांवर एक सचित्र ग्रंथ प्रसिद्ध केला. प्राणित्वाच्या बाजूने तो भक्कम पुरावा ठरला. परंतु त्यांच्या उत्साहाची एक दुसरी बाजूही होती. कोरॅलिना या चुनखडीयुक्त जीवालाही त्यांनी प्राणी मानले. प्रत्यक्षात ते तांबडे शैवल होय. अशी चुनखडीयुक्त शैवले वनस्पतीच आहेत, हे १८३७ मध्ये जर्मन निसर्गवैज्ञानिक फिलिप्पी यांनी दाखवून दिले. पूर्वी प्राण्याला वनस्पती समजण्याची चूक झाली होती. येथे वनस्पतीला प्राणी समजण्याची झाली. लिनीअस यांनी मध्यममार्ग स्वीकारला. या जीवांचे खोड वनस्पतीसारखे व फूल प्राण्यासारखे असे समजून त्यांनी १७५८ मध्ये त्यांचा झूफायटा, म्हणजे प्राणिवनस्पती, असा गट केला.

आप्तसंबंध : प्रवाळ प्राणी ठरल्यावर त्याचे नातेवाईक कोण, हा प्रश्न उरला. तळाला चिकटलेले पॉलिप व मुक्तपणे पोहणारी जेलीफिश यांत वरवर पाहता काहीच साम्य नाही. नॉर्वेतील धर्मोपदेशक व निसर्गवैज्ञानिक मीकाएल सार्स (१८०५–६९) यांनी १८२९ मध्ये वेगळे प्राणी म्हणून वर्णिलेले दोन लहान जीव ही एकाच जेलीफिशच्या वाढीतील अवस्था असल्याचे पुढे त्यांच्याच निरीक्षणांतून स्पष्ट झाले. जेलीफिशच्या अंड्यातून निघालेला डिंभ तळाला चिकटतो व त्याचा पॉलिप बनतो. या पॉलिपाला आडव्या खाचा पडून बशांच्या चळतीसारखा आकार येतो व एकेक बशी सुटून जेलीफिश बनते. या प्रकाराला डॅनिश वैज्ञानिक स्टीनस्ट्रुप यांनी १८४२ मध्ये पिढ्यांचे एकांतरण असे नाव दिले. प्रवाळ व समुद्रपुष्पे यांत मात्र पोहणारी मेड्यूसा अवस्था नसते.

ब्रिटिश नौदलाच्या रॅटलस्नेक जहाजावर साहाय्यक शल्यवैद्य असलेल्या टॉमस हेन्‍री हक्सली (१८२५–९५) यांनी १८४९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात जेलीफिश व त्यांचे आप्त यांचे शरीर दोनच मूलभूत स्तरांचे बनलेले असते, हे दाखविले व या स्तरांची तुलना उच्च प्राण्यांच्या भ्रूणस्तरांशी केली. जर्मन प्राणिवैज्ञानिक रूडोल्फ लॉइकार्ट (१८२२–९८) यांनी १८४७ मध्ये तारामीनासारखे कंटकचर्मी प्राणी वेगळे काढून उरलेल्यांना आंतरगुही हे नाव दिले होते. हाचेक यांनी १८८८ मध्ये त्यांतून स्पंज व कंकतधर प्राणी वगळले आणि दंशकोशिका असलेल्यांचा निडेरिया हा स्वतंत्र गट केला. फ्रान्समध्ये लाकाझ-द्यूत्ये यांनी अल्जीरियाच्या किनाऱ्यावर अभ्यास करून १८६४ मध्ये तांबड्या प्रवाळाचे जननेंद्रिय, डिंभ व त्याचे तळाला चिकटणे यांचे सविस्तर वर्णन केले. पेसॉनेल यांचा निष्कर्ष अशा रीतीने पूर्णत्वास गेला.

प्राण्याच्या शरीरातील वनस्पती : भूमध्य समुद्रातील तांबडा प्रवाळ हा सर्वस्वी प्राणी आहे. उष्ण समुद्रांत प्रवाळभित्ती उभारणाऱ्या दगडी प्रवाळांची गोष्ट मात्र वेगळी निघाली. चार्ल्स डार्विन (१८०९–८२) यांनी १८४२ च्या ग्रंथात किनारी, रोधक व कंकणाकृती या तीन प्रकारच्या प्रवाळभित्ती म्हणजे एकाच घटनेचे क्रमवार टप्पे होत, असे प्रतिपादन केले. ज्वालामुखी बेट हळूहळू खचते व त्याच्या कडेने प्रवाळ वर वाढत राहतात. अखेरीस बेट बुडते व कडेच उरते. पॅसिफिकमधील एनिवेटोक येथे १९५२ मध्ये घेतलेल्या छिद्रांत १,२०० मी.पेक्षा अधिक जाडीच्या चुनखडीखाली ज्वालामुखी खडक लागला आणि हे मत खरे ठरले. भित्ती उभारणारे प्रवाळ फक्त उथळ पाण्यातच जोमाने वाढतात, हा या उपपत्तीचा पाया होता. परंतु प्राण्याला उजेडाची अशी गरज का असावी, याचे उत्तर तिच्यात नव्हते.

ते उत्तर प्रवाळाच्या शरीरातच होते. अनेक सागरी प्राण्यांच्या ऊतकांत दिसणारे पिवळसर तपकिरी कण हे प्राण्याचा भाग नसून स्वतंत्र एककोशिक शैवले आहेत, असे कार्ल ब्रांट यांनी १८८१ मध्ये प्रतिपादन केले व त्यांना झूझँथेला हे नाव दिले. प्रवाळातील ही शैवले शरीराबाहेर वाढविली असता दोन कशाभिकांच्या (चाबकासारख्या धाग्यांच्या) साहाय्याने पोहतात, हे जपानी वैज्ञानिक कावागुती यांनी १९४४ मध्ये पाहिले. १९५८ मध्ये अमेरिकेत मस्कटीन व हँड यांनी किरणोत्सर्गी कार्बन वापरून शैवलांनी प्रकाशसंश्लेषणाने तयार केलेले पदार्थ समुद्रपुष्पाच्या ऊतकांत जातात, हे सिद्ध केले. जमेकात काम करणारे टॉमस गोरो यांनी १९५९ मध्ये प्रवाळाचा चुनखडीचा सांगाडा अंधारापेक्षा उजेडात पुष्कळच वेगाने वाढतो, असे दाखविले. प्रवाळ शैवलांना आसरा, कार्बन डाय-ऑक्साइड व नायट्रोजनयुक्त पदार्थ पुरवितो आणि शैवले त्याला अन्न देतात. त्राँब्ले यांच्या हायड्राचा हिरवा रंगही त्याच्या शरीरात राहणाऱ्या शैवलांचाच होता. ज्या रंगामुळे तो जीव त्यांना वनस्पती वाटला, तो रंग खरोखरच वनस्पतीचा होता, मात्र ती वनस्पती प्राण्याच्या आत होती. पेसॉनेल यांचे उत्तर यामुळे खोटे ठरत नाही. परंतु भित्ती उभारणारा प्रवाळ एकटा प्राणी म्हणून समजून घेता येत नाही, एवढे निश्चित झाले.

सहजीवनाचा भंग : हे सहजीवन नाजूक आहे. सी. एम्. यंग (१८९९–१९८६) यांच्या नेतृत्वाखाली १९२८–२९ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरिअर रीफवर गेलेल्या ब्रिटिश मोहिमेत तापमान फार वाढल्यास प्रवाळ शैवले बाहेर टाकतात, असे आढळले होते. त्यावेळी हे एक शरीरक्रियावैज्ञानिक निरीक्षण होते. समुद्राचे तापमान नेहमीच्या कमाल उन्हाळी सरासरीपेक्षा सु. १° से. ने अधिक होऊन काही आठवडे तसेच राहिले, तर शैवले निघून जातात व पारदर्शक ऊतकांतून पांढरा सांगाडा दिसू लागतो. याला प्रवाळाचे विरंजन म्हणतात. विरंजित प्रवाळ लगेच मरत नाही. पाणी लवकर निवल्यास शैवले पुन्हा वाढतात, अन्यथा तो उपासमारीने मरतो. १९९८ मध्ये विरंजन प्रथमच जगभर झाले. त्यानंतर २०१० व २०१४–१७ मध्ये त्याची पुनरावृत्ती झाली आणि चौथे जागतिक विरंजन सुरू असल्याचे एप्रिल २०२४ मध्ये जाहीर करण्यात आले. दोन विरंजनांमधील काळ कमी होत गेल्याने सावकाश वाढणाऱ्या जातींना सावरण्यास अवधी मिळत नाही.

भारतात लक्षद्वीप, अंदमान व निकोबार बेटे, मानारचे आखात व कच्छचे आखात येथे प्रवाळभित्ती आहेत. लक्षद्वीप बेटे कंकणाकृती प्रकारची आहेत. महाराष्ट्रात मालवणच्या किनाऱ्याजवळ प्रवाळ आढळतात व तेथे १९८७ मध्ये सागरी अभयारण्य जाहीर करण्यात आले. विजयदुर्गच्या पश्चिमेस सु. १०० किमी. अंतरावर समुद्रात बुडालेल्या आंग्रिया बँक या उंचवट्यावरही जिवंत प्रवाळ आहेत. लक्षद्वीप व मानारच्या आखातातील प्रवाळांना १९९८, २०१० व २०१६ या वर्षी विरंजनाची झळ पोहोचली. भित्ती उभारणाऱ्या प्रवाळांचा समावेश २००१ मध्ये वन्यजीव संरक्षण अधिनियमाच्या पहिल्या अनुसूचीत करण्यात आला. या अनुसूचीमुळे प्रवाळ तोडणे व विकणे याला आळा बसतो. समुद्राच्या वाढत्या तापमानापासून मात्र तिने प्रवाळांचे रक्षण होत नाही. प्रवाळ हा दगड किंवा झाड नसून प्राणी आहे आणि त्याचे जीवन दुसऱ्या एका जीवावर अवलंबून आहे, हे कळण्यास सव्वादोनशेहून अधिक वर्षे लागली. ते सहजीवन मोडण्याचा प्रसंग मात्र त्यानंतरच्या अर्धशतकातच आला.